रोशाचा वास

पावसाळा सरत आला की मेळघाटच्या डोंगरउतारांवर रोशा गवत फुलावर येतं. कोणी त्याला तिखाडी म्हणतं. पुरुषभर उंचीचं, वर तांबूस तुरे. तुरा बोटांत चुरडून नाकाशी नेला की आधी चक्क गुलाब येतो, आणि त्याच्या मागोमाग ओल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा तिखट झणका.

या गवताचं तेल काढायचा धंदा सातपुड्यात फार जुना. गवत फुलावर असतानाच कापायचं, नाल्याकाठी भट्टी लावायची, डेगेत गवत ठासून भरायचं, पाणी ओतायचं, झाकणाच्या फटी चिकणमातीनं लिंपायच्या आणि खालून जाळ घालायचा. वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरायची, तिथं निवायची आणि पाण्यावर पिवळसर तेलाची साय धरायची. क्विंटलभर ओल्या गवताचं अर्धा किलोही तेल होत नाही. थोडं घरात गुडघ्यांना चोळायला राहायचं, बाकीचं व्यापाऱ्याकडे.

व्यापाऱ्याकडून पुढे ते कुठं जायचं, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला पोचत असे. तिथं ते लिंबाच्या रसानं धूत, उन्हात ठेवत आणि मग बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळायला पाठवत. गुलाबात जेरॅनिऑल नावाचं जे सुगंधी द्रव्य असतं, त्याचाच चांगल्या रोशाच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक भाग असतो. नाकाला संशय येणार तरी कसा? सातपुड्याचं गवत युरोपातल्या रुमालांवर गुलाब म्हणून मिरवलं. शास्त्रज्ञांनीही त्याचं बारसं केलं ते सिंबोपोगॉन मार्टिनी असं, लखनौला त्याचं बी नेणाऱ्या जनरल क्लॉड मार्टिनच्या नावानं. कापणारे, जाळ घालणारे कोरकू आणि इतर डोंगरातले लोक कुठल्याच नावात आले नाहीत.

थायलंडच्या अत्तरांबद्दल वाचताना म्हणूनच मन भरून येतं. पिसारा उमाविजानी पॅरिसमध्ये ‘दुसिता’ हे अत्तरघर चालवतात. वडील मोंत्री उमाविजानी कवी होते, आणि त्यांच्या कविता लेकीच्या अत्तरांसोबत फिरतात. आपला देश आणि आपलं माणूस त्यांनी कुपीवर उघडपणे आणलं. त्या देशाच्या साध्या दिवसातही सुगंध किती! टॅक्सीच्या आरशाला मोगऱ्याची माळ असते. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानचा सण येतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततात. ते करायची रीत मला फार आवडते. फुलं घातलेल्या पाण्यात एक वाटी तरंगत ठेवतात, तिच्यात सुगंधी द्रव्यांची वळवलेली मेणबत्ती पेटवतात, विझवतात आणि धूर सुटायला लागताच वर झाकण घालतात. पाणी तो धूर पिऊन घेतं.

त्याच दिवसांत आमच्या अकोल्यात पारा चव्वेचाळीसकडे सरकलेला असतो. माठात वाळ्याची जुडी आणि मोगऱ्याची दोन-चार फुलं पडलेली असतात, खिडकीतल्या कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी पडून सबंध घराला ओल्या मातीचा वास सुटलेला असतो. बँकॉकच्या घराचं आणि जठारपेठेतल्या घराचं हे नातं नकाशावर दिसत नाही. आता बाजारात कागदी जाळीचे कूलर आले, ते टिकतात जास्त, पण वास देत नाहीत.

धुराचंच बघा. उघड्या जाळावर डेग जास्त तापली की तळाचं गवत करपतं आणि तेलाला जळका वास लागतो. अत्तराच्या बाजारात तो दोष. म्हणून असं तेल भाव पाडून घ्यायचे. कारखान्यातल्या वाफेवर काढलेलं तेल निर्मळ येतं, साबणाला ते लागतंही. पण मला वाटतं, वऱ्हाडचं अत्तर करायचं तर थोडा धूर त्यात राहू द्यावा. थाई माणूस पाण्याला मुद्दाम धूर देतो आणि जग त्याला नजाकत म्हणतं. आमच्या नाल्याकाठच्या धुराला मात्र आम्हीच कमी भाव लावला.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात औषधी आणि सुगंधी वनस्पतींचं नागार्जुन उद्यान आहे, धारणी-चिखलदऱ्याकडे बायकांचे बचत गट आहेत, आणि गवत अजूनही उतारांवर उगवतं. दहा मिलीची साधी कुपी चालेल. तिच्यावर गुलाबाचं चित्र नको. रोशा, तालुका धारणी, जिल्हा अमरावती, एवढं ठळक छापावं, आणि खाली गवत कापणाऱ्या गावाचं नाव.