निसर्गपर्यटन आणि ठाणे खाडीचा पश्चिम काठ

मध्य रेल्वेच्या मार्गावर भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये वसलेल्या नाहूरच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, तर पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे, कांदळवन, म्हणजे भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारे जंगल, आणि त्यापलीकडे ठाणे खाडीचा चिखलपट्टा लागतो. दोन संरक्षित क्षेत्रांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्ट्यात राहणाऱ्याला निसर्ग पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. आणि म्हणूनच निसर्ग पाहायला येणारा माणूस त्याच्या रक्षणासाठी केव्हा आणि का उभा राहतो, हा प्रश्न येथे जितका उघडा पडतो तितका तो ताडोबासारख्या नामांकित अरण्यात पडत नाही.

पाहणे आणि राखणे यांचा संबंध मुळात गृहीत धरलेला नव्हता. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. परंतु त्या काळचे निसर्गप्रेम बव्हंशी नमुने गोळा करण्याचे होते आणि संग्राहक व शिकारी यांच्यातील रेषा पुसट होती. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन राखून ठेवताना लोकांचा आनंद हा उद्देश स्पष्टपणे मांडला गेला होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांना बळ दिले खरे, पण या व्यवस्थेत पर्यटक हा परवानगी घेऊन आत येणारा आणि वेळ संपताच बाहेर जाणारा माणूस होता. संवर्धनात त्याचा काही वाटा असू शकतो, असे कोणी फारसे मानत नव्हते. १९८३ साली मेक्सिकोचे वास्तुविशारद एक्तोर सेबायोस-लास्कुराइन यांनी ‘इकोटुरिझम’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा कुठे या वाट्याचा स्वतंत्र विचार सुरू झाला, आणि पुढे त्या संज्ञेत स्थानिकांच्या उपजीविकेची अटही सामावली गेली.

महाराष्ट्रात ही अट सर्वांत सुबकपणे पाळली गेली ती रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात सुरक्षित ठेवण्याचे काम हाती घेतले आणि काही वर्षांतच पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, तेथेच जेवतात, आणि त्यांचा पैसा जेथून पूर्वी अंडी चोरीला जात त्याच किनाऱ्यालगतच्या कुटुंबांकडे जातो. या यंत्रणेचे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात बदलतो तो यजमान. पाहुण्याचे मन बदलले की नाही, याची चौकशी करण्याची गरजच उरत नाही, कारण त्याने भाडे दिले की त्याचे काम झाले.

ठाणे खाडीत ही सोय उपलब्ध नाही. १९९० च्या दशकापासून मुंबईच्या चिखलपट्ट्यांवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ साली खाडीच्या पश्चिम काठावरील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे १९७१ च्या इराणमधील करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून आता पर्यटक बोटीने रोहित पाहायला जातात. पण लहान रोहित ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतो, त्याची वाढ शहराच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळेही होते, असे अभ्यासक मानतात. आणि पक्षीनिरीक्षक ज्या ठिकाणाला सवयीने भांडुप पंपिंग स्टेशन म्हणतात, ते नावाप्रमाणेच सांडपाण्याच्या व्यवस्थेचा भाग आहे. म्हणजे नाहूर-भांडुपचा रहिवासी दुर्बीण घेऊन जे पाहतो त्यात त्याच्या स्वतःच्या न्हाणीघराचाही हिस्सा असतो. अशा माणसाला ‘पर्यटक’ म्हणणे थोडे विनोदी आहे, आणि त्याच्याकडून तिकिटाच्या पैशांखेरीज काहीच न मागणे हे त्याहून विनोदी.

मग त्याच्याकडून काय अपेक्षित असावे? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीला मनाई करणारा आदेश दिला तो बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर. त्या वेळी खाडीत पर्यटन असे काही नव्हतेच, तेव्हा पर्यटनातून संवर्धन जन्मते हा दावा येथे टिकत नाही. पर्यटन दुसरे काम करते: पूर्वस्थिती ठाऊक असलेली माणसे वाढवते. नेरूळच्या डीपीएस तलावात २०२४ साली रोहित पक्षी मृत्युमुखी पडले, तेव्हा भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग अडल्याची तक्रार लावून धरणारे नागरिक तलाव नेहमी पाहणारे होते. एकदाच आलेल्या पाहुण्याला कोरडा तलाव हा कोरडा तलावच दिसतो. पाणी कोठून येत असे, हे पुन्हापुन्हा येणाऱ्यालाच कळते.

या दृष्टीने पाहता, नाहूर येथे महानगरपालिकेने योजलेले पक्षी उद्यान काही वेगळेच शिकवील. जाळीच्या आत देशोदेशीचे पक्षी जवळून पाहता येतील, मुले हरखून जातील, आणि त्यात गैर काही नाही. पण पिंजऱ्यातील पक्षी कोणत्या महिन्यात आला, या वर्षी कमी का आला, हे प्रश्न तेथे उद्भवणारच नाहीत. खाडीवर ते अटळ आहेत. उलट खाडीवरचे पर्यटन निर्दोष आहे असेही नाही, कारण छायाचित्रासाठी बोट थव्याच्या फार जवळ नेली की पक्षी उडतात आणि ओहोटीच्या मोजक्या तासांतला त्यांचा चरण्याचा वेळ वाया जातो. बोटीचे अंतर आणि फेऱ्यांची संख्या ठरवताना म्हणून तिकीटविक्रीपेक्षा ओहोटीचे वेळापत्रक आणि खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या कोळ्यांचा अनुभव प्रमाण मानावा लागेल, आणि दर जानेवारीत आशियाभर होणाऱ्या पाणपक्षी गणनेत बोटीतल्या प्रवाशांपैकी किती जण नंतर वही घेऊन उतरतात, हे त्या फेऱ्यांच्या यशाचे उत्पन्नापेक्षा अधिक विश्वासार्ह माप ठरेल.