भार पडल्यावरचे बारा व्होल्ट

आजचा श्लोक भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५६. भावार्थ असा: दुःख आलं तरी ज्याचं मन डगमगत नाही, सुखाची ज्याला हाव नाही, आसक्ती, भीती आणि राग ज्याचे गळून गेले, त्याला स्थिरबुद्धी मुनी म्हणावं.

हा श्लोक मला पाठ आहे. तो कळला मात्र या आठवड्यात, घरातल्या जुन्या सर्व्हरमुळे.

हॉलच्या कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यात चार हार्ड डिस्क बसवून मी घरच्यासाठी स्टोरेज सर्व्हर केला. त्यात फोटो आहेत, कागदपत्रं आहेत आणि आईचा आवाज आहे. आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिने म्हटलेला हरिपाठ एकदा मोबाईलवर रेकॉर्ड केला होता. तो मोबाईल केव्हाच गेला. बाबा रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून तो हरिपाठ ऐकतात. आणि मी इंजिनिअर असूनही त्याची दुसरी प्रत कुठेच ठेवली नव्हती.

महिनाभर सर्व्हर मधेच मान टाकायला लागला. लॉगमध्ये एक डिस्क गायब दिसली म्हणून ती बदलली. नव्या डिस्कवर डेटा भरत असताना दुसरीच गायब! केबल बदलल्या, यूपीएस तपासला, फरक शून्य. त्या संध्याकाळी ऑफिसचं रिलीज होतं. बाबांनी विचारलं, "आज तिचा हरिपाठ लागत नाही का रे?" थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी ओरडलो, "किती वेळा सांगू बाबा, डिस्क गेलीय म्हणून!"

बाबा काही बोलले नाहीत. पोथी काढली आणि स्वतःच हरिपाठ म्हणायला बसले.

त्याच दिवशी सकाळी मी स्थितप्रज्ञाची लक्षणं वाचून उठलो होतो. वाचताना मन कसं अगदी शांत होतं!

रात्री मल्टीमीटर घेऊन बसलो. पॉवर सप्लायची पिवळी तार म्हणजे १२ व्होल्ट. डिस्क थांबलेल्या असताना रीडिंग ११.९ आलं. उत्तम. नियमाप्रमाणे ५ टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. मग चारही डिस्क एकदम फिरायला लावल्या. डिस्क थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा एकेक डिस्क साधारण २ अँपिअर ओढते. चार मिळून ८. एकदा वेग घेतला की गरज बरीच कमी होते. त्या पहिल्या काही सेकंदांत रीडिंग घसरलं ते ११.१ वर. आणि एक डिस्क गायब झाली.

डिस्कचा दोष नव्हताच. मूळ पुरवठाच कमकुवत झाला होता, आणि मी महिनाभर बिचाऱ्या डिस्कना बोल लावत होतो. यूपीएसचा उपयोग नव्हता, कारण बिघाड त्याच्या पुढे होता.

तो आकडा बघताना मनात आलं, मी माझंही माप असंच घेत आलोय. पहाटेची वेळ, घर झोपलेलं, उदबत्ती, पोथी. तिथे मोजलं तर माझे बारा व्होल्ट पूर्ण भरतात. पण भार नसतानाचं माप ते काय माप? एका म्हाताऱ्या माणसाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तिथे खरं रीडिंग आलं. आणि तेव्हाही दोष कुणाला दिला? बाबांना, ऑफिसला, डिस्कला.

अर्जुनाचा प्रश्न आठवा. स्थिर बुद्धीचा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असं तो विचारतो. ध्यानात त्याला काय दिसतं, हे विचारत नाही. आणि हा प्रश्न त्याने आश्रमात विचारला नाही, दोन सैन्यांच्या मधोमध उभं राहून विचारला. म्हणजे पूर्ण भार असताना. गांधीजींच्या आश्रमात हे श्लोक सायंप्रार्थनेत म्हणत. मला वाटतं, ती वेळ फार योग्य आहे. दिवसाचा सगळा भार सोसून झाल्यावर आपण किती व्होल्टवर आहोत ते तेव्हा खरं कळतं. विनोबांनी १९३२ साली गीतेवर प्रवचनं दिली तीही धुळ्याच्या तुरुंगात.

मग पुरवठा कमजोर का होतो? पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटर असतात. ते थोडा विद्युतभार साठवून ठेवतात आणि एकदम मागणी आली की तो पुरवतात. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून त्यांच्यातला द्रव सुकत जातो. बाहेरून आकडा बरोबर दिसतो, पण आत साठा उरलेला नसतो. जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर दोघांची डोकी फुगलेली होती. (तो डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत भार राहतो.)

माझा नित्यनेम कधी चुकला नाही. पण गेले काही महिने एका हातात पोथी आणि दुसऱ्या हातात ऑफिसचे मेसेज. नेम झाला, साठा झाला नाही. नाम घ्यायचं ते त्या क्षणापुरतं नाही. संध्याकाळी जो भार येणार आहे, त्यासाठी ते आत साठवायचं असतं.

शनिवारी नवा पॉवर सप्लाय बसवला. जुन्या तारा डब्यात छान बांधलेल्या होत्या, त्याच ठेवाव्यात असा मोह झाला. पण तसं कधी करू नये. खाच जुळली तरी दोन मॉडेलमध्ये तारांचा क्रम वेगळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर डिस्क जळते. सगळ्या तारा नव्या घातल्या. सकाळच्या वाचनाला मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हेही त्याच दिवशी ठरवलं. नेम नवा आणि सवयीच्या तारा जुन्या, असं चालायचं नाही.

चारही डिस्क एकदम फिरवल्या. ११.९, हलला नाही. सगळ्यात आधी आईच्या हरिपाठाची प्रत काढली आणि ताईकडे पाठवली.

संध्याकाळी बाबांजवळ बसलो. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी चुकलं माझं." ते म्हणाले, "अरे, आता लागतोय ना? लाव मग." आवाज सुरू झाला आणि ते तिच्याबरोबर म्हणू लागले. तेव्हा लक्षात आलं, घरात सगळ्यात जास्त भार यांच्यावर होता. त्यांचं रीडिंग तीन वर्षांत मी एकदाही पडलेलं पाहिलं नाही.

आजचा अभ्यास: आज कुणी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारेल. उत्तर देण्याआधी एकदा मनात नाम घ्या, आणि मग पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्या.

राम कृष्ण हरी.