कपाटातलं औषध

एका तालुक्याच्या गावी एक डॉक्टर होते. वाचन दांडगं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण कसे वाचवले, हे ते शिकाऊ डॉक्टरांना मन लावून सांगत. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं, हा आकडा त्यांच्या ओठांवर असे.

पण पावसाळ्यात जुलाबाची मुलं आली, की त्यांच्याच दवाखान्यात सरसकट सलाईन लागे. तसंच पाणी करायच्या ओआरएसच्या पुड्या कपाटात, कपाटाला कुलूप.

तिथे एक नवी सिस्टर आली. काही दिवस तिने नुसतं पाहिलं. मग नातवाला सलाईनच लावा म्हणणाऱ्या एका आजींना विचारलं, "आजी, ओआरएस का नको?"

"पाणी तर मी घरीपण पाजते. पाजलं की पोर ओकतं. सुई लावायची नाही, तर दवाखान्यात कशाला येऊ?"

आजींचं काय चुकलं? पाजायचं कसं, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

सिस्टरने डॉक्टरांकडून किल्ली मागून घेतली. दाराशीच बाक मांडला. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पुडी कालवली. नातू दहा किलोचा. डोळे खोल गेलेले, पण पाण्याला हात पुढे करत होता. चार तासांत 750 मिली द्यायचं होतं.

"चमच्याचमच्याने पाजा. ओकला तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी हळू द्या."

इतक्यात एक मूल ग्लानीत आलं. त्याला पिताच येईना. सिस्टरने हाक मारली, डॉक्टर धावत आले, सलाईन तत्काळ लागलं.

चार तासांनी आजींच्या नातवाला लघवी झाली. तो त्यांच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढू लागला.

डॉक्टर बघत होते. म्हणाले, "सिस्टर, हे सगळं मला माहीत होतं."

"हो सर. पण माहिती तुमच्यापाशी, पुडी कपाटात आणि पोर दारात. रोज, न सांगता, तिघांची गाठ पडली तरच त्या माहितीचा उपयोग."

डॉक्टरांनी स्वतः कपाट रिकामं करायला घेतलं. मागच्या खणात झिंकच्या गोळ्या निघाल्या. त्या दिवशी घरी निघालेल्या जुलाबाच्या प्रत्येक मुलाबरोबर 14 दिवसांच्या गोळ्या गेल्या. गोळी चमचाभर पाण्यात कशी विरघळवायची, ते डॉक्टरांनी प्रत्येक आईला करून दाखवलं.