अक्ष आणि अधिष्ठान

ईश्वर सर्वत्र भरून आहे असे ज्यांनी मनापासून मानले, त्यांनीच देवळे बांधावीत, क्षेत्रे ठरवावीत आणि पावसापाण्याची पर्वा न करता एका विशिष्ट गावी एका विशिष्ट तिथीस पोचण्याची धडपड करावी, ही गोष्ट तर्काला नेहमीच बोचत आली आहे. सर्वव्यापी तत्त्वाला ठिकाण कशाला, हा प्रश्न नास्तिकाने केला तर त्यात नवल नाही. परंतु भाविकानेही तो स्वतःला केला आहे, आणि आपल्या संतांनी तीर्थाटनाच्या निष्फळतेविषयी कठोरात कठोर शब्द उच्चारूनही पंढरीची वाट सोडली नाही. या कोड्याकडे पाहण्याची एक निराळी दिशा मला लाभली ती आकाशनिरीक्षणाचा व्यासंग असलेल्या एका स्नेह्यांच्या परसात; पुण्याच्या दिव्यांनी झाकोळलेल्या आकाशाखालून आपली छोटी वेधशाळा उठवून मावळातल्या एका खेड्यात नेण्याची त्यांची तजवीज तेव्हा चालू होती.

वेधशाळा म्हटली की डोळ्यांपुढे घुमट येतो. परंतु स्थलांतरात तोच भाग सर्वांत कमी त्रास देतो. फायबरच्या पाकळ्यांचे नटबोल्ट सोडावेत, पाकळ्यांवर क्रमांक घालून त्या टेम्पोत रचाव्यात आणि नव्या ठिकाणी त्याच क्रमाने जोडाव्यात, एवढेच त्याचे शास्त्र आहे. ज्या गोल कड्यावर घुमटाची चाके फिरायची ते कडे मात्र वर्तुळाला तंतोतंत इमानी आणि पाणसळीला चोख उतरले पाहिजे. तेथे थोडा जरी कमीजास्तपणा राहिला, तर चाके अडतात आणि फट हव्या त्या ताऱ्यासमोर येत नाही. हे काम कुशल लोहार आणि सुतार मिळून निभावून नेतात. खरी कसोटी पुढेच असते. घुमटाच्या मध्यभागी दुर्बिणीला आधार देणारा काँक्रीटचा जो खांब असतो, त्याचा पाया जमिनीत खोलवर जातो, आणि त्याच्याभोवतीच्या फरशीचा वा भिंतीचा त्याला स्पर्शही होऊ देत नाहीत. मध्ये मुद्दाम फट राखतात, नाहीतर पाहणाऱ्याच्या पावलांचा कंप खांबातून दुर्बिणीत चढतो आणि शेकडो पटींनी मोठा होऊन ताऱ्याचे बिंब थरथरू लागते. हा खांब उचलून नेता येत नाही. तो जुन्या जागी तसाच सोडावा लागतो आणि नव्या जागी नवा ओतावा लागतो. मनुष्य जे बरोबर नेतो त्यात ज्याच्यावर सगळे उभे असते ते नसतेच, हा विचार त्या परसातल्या उघड्या खांबाकडे पाहताना मला प्रथम स्पर्शून गेला, आणि पुढे जे पाहिले त्याने तो अधिकच गहिरा झाला.

खांबावर दुर्बीण चढली तरी वेधशाळा सिद्ध होत नाही. तारे पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरकताना दिसतात; त्यांचा पाठलाग एकाच संथ गतीने करता यावा यासाठी दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवावा लागतो. म्हणून तो उत्तरेकडे वळवून त्या स्थळाच्या अक्षांशाइतका क्षितिजापासून उचलायचा: पुण्यास सुमारे साडेअठरा अंश, दिल्लीस साडेअठ्ठावीसच्या वर. ध्रुवताऱ्याकडे रोख धरला की भागले, असे वाटते. पण तो ताराही खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोनतृतीयांश अंशाने दूर आहे, पूर्णचंद्राच्या रुंदीहूनही अधिक. खऱ्या ध्रुवबिंदूवर कोणताही ठळक तारा नाही. अक्षाची परीक्षा त्या रिकाम्या बिंदूशी होते, आणि तीही थेट होत नाही: याम्योत्तर वृत्ताजवळचा एखादा तारा दृष्टिक्षेत्रात धरून ठेवायचा, तो उत्तरेस वा दक्षिणेस ढळू लागला तर अक्ष पूर्वपश्चिम दिशेत चुकला असे समजायचे, पूर्व क्षितिजालगतचा तारा तसाच ढळला तर अक्षाची उंची चुकली. मग मळसूत्र किंचित फिरवायचे आणि पुन्हा पाहत बसायचे. आमच्या स्नेह्यांनी हे काम कित्येक रात्री ज्या धीराने केले, तो धीर मला उपासनेपेक्षा निराळा वाटला नाही. शुल्बसूत्रकारांनीही वेदी मांडण्यापूर्वी सपाट भूमीवर शंकू रोवून, त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढून, सकाळी आणि दुपारनंतर छायेचे टोक जेथे जेथे वर्तुळाला शिवते त्या दोन बिंदूंना जोडून पूर्वपश्चिम रेषा साधण्याचा विधी सांगितला आहे. होम अग्नीत व्हायचा असला तरी त्याचा आरंभ भूमीच्या अशा सूक्ष्म निरीक्षणाने होई.

आपल्या प्रांतात याचे एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये दिलेल्या देणगीला सरकारी रकमेची जोड मिळून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांच्या प्रयत्नाने पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात एक वेधशाळा उभी राहिली, आणि डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली २० इंच व्यासाची तिची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण जेऊर मुक्कामी ज्यांनी वेधले, तेच हे नायगामवाला. १९१२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, वेधशाळा बरखास्त झाली, आणि तिच्या उपकरणांची रवानगी कोडाईकनाल येथे झाली; पुढे १९८० च्या दशकात तीच दुर्बीण लडाखात लेहनजीक नेण्यात आली. तिच्या या प्रवासाचा विचार करताना माझे मन त्या अक्षापाशी थबकते. पुण्यास त्याचा कल साडेअठरा अंश, कोडाईकनालला सव्वादहाच्या आसपास, लेहला चौतीस. जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला तो प्रत्येक मुक्कामी निराळा दिसणार, कोणी म्हणेल की या यंत्राला निष्ठाच नाही. आणि तरीही तिन्ही ठिकाणी तो अक्ष एकाच दिशेला, पृथ्वीच्या एकाच अक्षाला समांतर असतो. पुण्याचा कल जसाच्या तसा लेहला राखला असता, तर दिसायला निष्ठा राहिली असती आणि ध्रुव मात्र सुटला असता.

वेदान्ताच्या ग्रंथांत देवदत्ताचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटतो. तो हाच, असे आपण म्हणतो तेव्हा तो देश आणि तो काळ, हा देश आणि हा काळ, ही विशेषणे टाकून देतो आणि उरलेल्या माणसाचे ऐक्य ओळखतो. जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य याच रीतीने उमगावे, असा त्याचा आशय. या दृष्टान्ताविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु साधकाच्या दृष्टीने त्यात काहीतरी राहून जाते असे मला अलीकडे वाटू लागले आहे. दुर्बिणीवरून स्थान हे विशेषण काढून टाकले, तर हाती धातू आणि काच उरते, वेध उरत नाही. कारण स्थान तिच्या कलात उतरलेले असते. साध्य देशातीत आहे हे खरेच, पण साधन देशातीत झाल्याने साध्य जवळ येत नाही. अधिकारभेद या तत्त्वाची पुष्कळ बदनामी झाली आहे, आणि ज्यांनी त्याचा उपयोग जन्मावरून माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी केला त्यांनीच ती ओढवून घेतली आहे. त्या उपयोगाचे समर्थन मी कधीही करणार नाही. परंतु प्रत्येकाने आपल्या भूमीवरून आपला कोन काढावा आणि दुसऱ्याचा कोन वेगळा आहे एवढ्यावरून त्याची दिशा चुकली असे समजू नये, हा त्याचा मूळ गाभा मला अक्षरशः सत्य वाटतो. सर्वांचे कोन सारखे झाले तर अक्ष समांतर राहणार नाहीत. हे भूमितीने सिद्ध होते, त्याला श्रद्धेची गरज नाही.

आपल्या कर्मकांडाने हे जाणले होते, याचा पुरावा संकल्पात आहे. कोणत्याही विधीच्या आरंभी यजमान आपला देश आणि काळ उच्चारतो. गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत हेसुद्धा त्यात येते. ज्याला सर्वत्र असलेल्याला आळवायचे आहे, तो प्रथम आपण कोठे आहोत हे सांगतो. आता आपली माणसे समुद्रापार गेली आहेत, आणि तेथील घरगुती पूजेत जो पुरोहित नदीचे व खंडाचे नाव बदलून संकल्प सोडतो, तो परंपरा मोडतो असे मानणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मते तो पुरोहित नवा खांब ओतून मळसूत्र फिरवीत आहे. उलट, जुना संकल्प जसाच्या तसा म्हणणारा, गोदातीरापासून हजारो मैलांवर बसून आपण गोदातीरी आहोत असे अग्नीला सांगतो.

याहून अवघड प्रसंग विवाहातील ध्रुवदर्शनाचा आहे. गृह्यसूत्रांनी वधूला ध्रुव दाखवावयास सांगितले. तो अढळ, तसे तिने पतीच्या घरी अढळ राहावे, असा भाव. मेलबर्नला लग्न लागले तर काय करावे? ते नगर विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे अडतीस अंशांवर आहे; तेथे ध्रुवतारा कधीच उगवत नाही, आणि उत्तरेकडे बोट दाखवणारा भटजी वधूवरांना क्षितिजाखालच्या ताऱ्याकडे पाहायला लावतो. तेथील आकाशनिरीक्षक मात्र आपल्या दुर्बिणीचा अक्ष दक्षिणेकडे वळवतो. त्या बाजूला ध्रुवबिंदूजवळ ठळक तारा नाही, अष्टक तारकासमूहातील एक अंधुक तारा तेवढा आहे, शहरातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही. तथापि अक्ष तोच आहे, केवळ त्याचे दुसरे टोक. सूत्रकारांना तारा प्रिय होता की अढळपणा, याचा निर्णय शास्त्र्यांनी करावयाचा आहे. मला विचाराल तर त्या दांपत्याला दक्षिणेकडे तोंड करून उभे करावे, सभोवार फिरणाऱ्या ताऱ्यांमधली न फिरणारी जागा दाखवावी, तेथे तारा दिसत नाही हेही सांगावे, आणि आता वरासही वधूबरोबर त्याच अढळपणाचा संकल्प करायला लावावा.