यंत्रावर नंबर कोणाचा?

सोलापुरात आंतरराष्ट्रीय सहकार्याचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना भाषणात आणावेच लागते. यंदा एका वक्त्याने त्यांना आणले ते निवृत्त करण्यासाठी. १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला सोलापूरच्या कोटणीसांना चीनला स्वतः जावे लागले; आता जीवाणूचा आराखडा फाईलमधून जातो आणि तिकडचा यंत्रमानव तो घडवतो, माणसाने जागचे हलायला नको, असा या वक्त्यांचा सिद्धान्त. टाळ्याही पडल्या. बोलणे बायोफाउंड्रींविषयी होते: डीएनएची रचना, जोडणी, चाचणी, त्यातून शिकून पुन्हा रचना, हे चक्र यंत्रांवर फिरवणाऱ्या प्रयोगशाळा. २०१९ मध्ये जपानमधील कोबे येथे त्यांची जागतिक आघाडी झाली. लंडन, सिंगापूर, शेन्झेन एका पंगतीला बसले.

अशा सिद्धान्तांवर माझा जुना उतारा म्हणजे मायकेल पोलान्यी. हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून मँचेस्टरला आला आणि पुढे तत्त्वज्ञानाकडे वळला. आपल्याला जेवढे कळते तेवढे सगळे सांगता येत नाही, हे त्याचे म्हणणे. कृती छापता येते, पण ती करताना कुठे थांबायचे हे हाताला कळलेले असते, ते छापता येत नाही. म्हणून शास्त्र शिकायचे तर जाणत्याच्या शेजारी उभे राहावे लागते. एवढ्यावर वक्ते गारद झाले असते.

पण पोलान्यीचा हा जाणता हात मोठा कंजूषही असतो. ‘हे आमच्याकडेच जमते’ हा तोरा कोणत्या प्रयोगशाळेत नाही? यंत्रापुढे तो चालत नाही. किती मायक्रोलिटर, किती अंश, किती मिनिटे, सगळे लिहून द्यावे लागते. मग सिंगापूरचा प्रयोग एडिंबरात फसला, तर तो कुठे फसला हे निदान शोधता तरी येते. हा लाभ मी पोलान्यीसाठीही सोडणार नाही. शिवाय जेकार्ड मागाच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चादरी विणणाऱ्या गावाने, नक्षी हातापासून सुटली म्हणून गळा काढू नये.

तेव्हा भांडण फाईलशी नाहीच. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पाने एमआयटी-ब्रॉड फाउंड्रीला ९० दिवसांत १० रेणू करून दाखवा म्हटले. सहांच्या बाबतीत तो रेणू किंवा त्याचा जवळचा भाऊबंद हाती आला. पराक्रमच तो. पण दहांची यादी केली कोणी? ज्याची थैली, त्याचा प्रश्न. आघाडीत प्रयोगशाळा कितीही असोत, यंत्रावर नंबर कोणाच्या प्रश्नाचा लागतो हे विचारल्याशिवाय मी त्याला सहकार्य म्हणणार नाही.

आमचा प्रश्न डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा. झँथोमोनास नावाच्या जीवाणूने होणाऱ्या या रोगापायी सांगोला, पंढरपूरकडे बागा उपटाव्या लागल्या. फाउंड्रीतले यीस्ट दोन-चार दिवसांत उत्तर देते. डाळिंबाला मात्र बहार धरून विचारावे लागते: आधी ताण, मग पानगळ, पाणी, कळी, फळ, आणि मध्येच पाऊस आला की तेल्या पुन्हा हजर. चाचणीची ही पायरी कोणत्याही यंत्रमानवाला लवकर उरकता येत नाही. तिला केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारखी जमीन लागते आणि झाडाकडे रोज बघणारा माणूस लागतो. इथे पोलान्यी परत येतो, आणि या खेपेला मी त्याला बसायला खुर्ची देतो.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठी बायोई३ धोरण मंजूर केले, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय बायोफाउंड्री जाळे आले. त्या जाळ्याने तेल्याचा नंबर लावावा आणि प्रकल्पाची मुदत महिन्यांत न मोजता बहारांत मोजावी. दोन-तीन बहार वाया जातील असे गृहीत धरून पैसे द्यावेत. मग शेन्झेनला फाईल पाठवायला माझी ना नाही.