हौसेचा हप्ता

गेल्या साली बेंदराच्या आदल्या दिवशी मी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत बसलो होतो. धाकटा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आण्णा, थार घ्यायची म्हणतोय."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? आसावी वाटती."

घरी ट्रॅक्टर आहे, मोटारसायकल आहे. थारला बारा-तेरा लाख लागतात. दोन रोख भरायचे, बाकीचे हप्ते. मी तोंडाला येईल ते बोललो. "उसाचं बिल आधी सोसायटीचं, मग खतवाल्याचं, राहिलं तर आपलं. त्यात तुझ्या हौसेला जागा कुठाय?" तो गप निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीच्या ताटावरनं अर्धवट उठला. बैल सजले, पण घर काही सजलं नाही.

महिन्याभरात आम्ही दोघं थोरल्याकडे अमेरिकेला गेलो. तिकिटं आधीच काढलेली. थोरला मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळ नोकरीला आहे. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं माहेर. तिथल्या वुडवर्ड अव्हेन्यू या रस्त्यावर ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा असते. 1995 साली ती सुरू झाली. नाव 'ड्रीम क्रूझ', म्हणजे स्वप्नातली सैर. थोरला म्हणाला, "आण्णा, चला, तुम्हांला तिथला पोळा दाखवतो."

आणि खरंच तो पोळाच होता. पंचवीसेक किलोमीटर रस्ता, दोन्ही कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं, आणि मधनं संथ चाललेल्या गाड्या. लाल, पिवळ्या, निळ्या. कुणाच्या टपावर दोन पट्टे ओढलेले. आवाज कानात नाही, छातीत वाजायचा. आमच्याकडं जातं फिरताना भुई थरथरायची, तसा.

ह्या गाड्यांना तिकडं 'मसल कार' म्हणतात. मी त्यांना पैलवान गाड्या म्हणतो. अंग मध्यम, पण आत इंजिन मोठ्या गाडीचं. 1964 साली पाँटियाक कंपनीनं जीटीओ नावाची गाडी काढली, तिथनं ह्या प्रकाराला खरा जोर आला. एवढ्या गाडीत एवढं मोठं इंजिन घालायचं नाही, असा वरच्या कंपनीचाच नियम होता. त्यांनी ते इंजिन 'गिऱ्हाइकानं मागितलं तर' म्हणून ठेवलं आणि नियमाला बगल दिली. त्याच साली एप्रिलात फोर्डची मस्टँग आली. पोरांनी उड्या टाकल्या. ह्याच वुडवर्डवर रात्री एका सिग्नलपासनं दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या.

जीटीओची ताकद किती, मी विचारलं. 325 हॉर्सपॉवर. माझा ट्रॅक्टर 35 चा आहे, आणि त्याच्यावर मी आठ एकर कसतो. म्हणजे एका पोराला घेऊन पळायला नऊ ट्रॅक्टरांचं बळ! गरज म्हणून बघाल तर ह्यात शून्य आहे. नुसती हौस.

ही हौस फार दिवस टिकली नाही. विम्याचे दर चढले, धुराचे कायदे कडक झाले, आणि 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. पेट्रोलला रांगा लागल्या. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी कोण पोसणार? 1974 नंतर ती जुनी जीटीओ बंद झाली, आणि 2010 ला पाँटियाक हे नावच मिटलं.

रस्त्याच्या कडेला एक लाल जीटीओ उभी होती. शेजारी सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा फडकं घेऊन चाकाची तबकडी पुसत होता. मी जवळ जाऊन बघायला लागलो तसं त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. थोरला मधे बसून इकडचं तिकडं सांगत होता. म्हातारा जन्मभर कारखान्यात कामाला. विशीत असताना अशीच गाडी हप्त्यावर घेतली होती. पगारातला मोठा वाटा हप्त्यात जायचा. 1974 ला काम सुटलं, पहिलं मूल झालेलं, गाडी विकली. तीस वर्षांनी गंजलेला सांगाडा मिळाला तो आणला, आणि सात वर्षं स्वतःच्या हातानं जोडत बसला.

मी म्हणालो, "वा!"

त्याची म्हातारी शेजारच्या खुर्चीत बसलेली. ती हसून काहीतरी बोलली. थोरल्यानं सांगितलं, "त्या म्हणत्यात, ही गॅरेजात होती म्हणून सात हिवाळे माझी गाडी बाहेर बर्फात. रोज सकाळी काच खरवडून मी कामावर जायची."

सगळे हसले. आमची मंडळीही हसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आपली ढाल हाय की घरात भिंतीवर."

मी तिथं हसलो, पण ते वाक्य परत येईपर्यंत माझ्याबरोबर राहिलं.

1991 साली मी खिलार खोंड घेतला होता. शर्यतीचा. अकरा हजाराला. ते पैसे तिनं भिशीतनं आणि दुधातनं म्हशीसाठी साठवलेले. मी म्हणालो, "म्हस पुढल्या साली." ती म्हैस आली सहा वर्षांनी. तोवर ती दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. खोंडानं एक ढाल जिंकली. गुलाल माझ्या डोक्यावर पडला. हप्ता तिनं भरला. आणि हे आमच्या घरात तीस वर्षांत कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. धाकट्यावर खेकसताना तर मला ते आठवलंही नाही.

हौस करावी की नाही, हा प्रश्न मला आता चुकीचा वाटतो. गरजेपुरतं तर जनावरही जगतं. वैरण, पाणी, सावली, झालं. माणसाला ह्याच्या पलीकडचं काहीतरी लागतं. पण शेतकऱ्यानं हौस केली की ती लोकांच्या डोळ्यांवर येते. नोकरदारानं हप्त्यावर गाडी घेतली तर प्रगती, आणि आमच्या पोरानं घेतली तर 'माजलाय'. हे शहरातली माणसं म्हणतात आणि आम्ही बापही म्हणतो. मीही म्हणालो.

'थांब' म्हणणंही सोपं असतं. तो म्हातारा तीस वर्षं थांबला आणि त्याला मिळाली. माझ्या वडिलांना डायनामोची सायकल हवी होती. आज थांबू, उद्या थांबू करत ते बाजाराला चालतच गेले, आणि तसेच वारले. थांबलेल्या सगळ्यांनाच मिळत नाही.

मग प्रश्न राहतो तो एवढाच, की हप्ता कोण भरतंय? बँकेचा नव्हे. बँकेचा तर कागदावर लिहिलेला असतो. दुसरा एक असतो, तो घरातलं कुणीतरी मुकाट्यानं भरत असतं. कुणी बर्फ खरवडून, कुणी भांगलून. ज्यानं हौस केली त्याला तो दिसत नाही, आणि जो भरतो तो बोलत नाही. हौस वाईट नाही. हा हप्ता न विचारता दुसऱ्याच्या नावावर टाकणं, हे वाईट.

परत आल्यावर एका रात्री जेवणं झाल्यावर मी धाकट्याला बसवलं, आणि सुनेलाही. आमच्याकडं अशा बोलण्यात सून बसत नाही, ती दारातच घुटमळत होती. मंडळीनंच तिला हाताला धरून आत आणलं.

वातावरण मोकळं करायला मी धाकट्याला म्हणालो, "तुझी थार अमेरिकेच्या जीपची नात हाय बरं का. स्वातंत्र्यानंतर विलीस जीपचे भाग जहाजानं मुंबईला यायचे, आन् हितं जोडायचे." त्याला ते माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. इंजिन, गिअर, सगळं तोंडपाठ. तासभर बोलला. एवढा बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता.

मग मी खोंडाची गोष्ट सांगितली, सगळी. मंडळी खाली बघून बोटानं जमिनीवर रेघोट्या मारत होती. शेवटी सुनेला विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मला बी बसायला आवडंल, आण्णा. पर पोरीच्या शाळंचं पैसं त्यात जायला नगोत."

धाकटा तिच्याकडं बघतच राहिला. तिलाही आवडेल, हे त्याला माहीत नव्हतं. आणि शाळेचं पैसं तो धरूनच चालला होता, हे बहुतेक त्यालाही तेव्हाच कळलं.

गाडी अजून घेतलेली नाही. दोघं मिळून वहीत काहीतरी हिशेब मांडत असतात. मी 'नाही' म्हणालेलो नाही. ढाल मात्र मी भिंतीवरनं उतरवायला गेलो होतो. मंडळी म्हणाली, "ऱ्हाऊं द्या. तिचं पैसं फिटल्यात."

फिटलेत की नाहीत, ते तिलाच ठाऊक.