पाहिले नाही, म्हणून दोष नाही?



एखाद्याने मुद्दाम काही वाईट केले नाही. जे करायला हवे होते तेवढे मात्र केले नाही, आणि त्यातून हजारो घरांच्या चुली विझल्या. अशा माणसाला गुन्हेगार म्हणावे काय? म्हटले तर त्याला शिक्षा किती द्यावी? हा वकिलांचा प्रश्न आहे असे समजून आपण तो बाजूला ठेवू नये. सोलापूरकराला तर तो ठेवताच येणार नाही.

आपण जिला जुनी मिल म्हणतो ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. तिच्या संचालकांनी २७ जुलै १९४९ रोजी कामगारांना नोटीस दिली आणि बरोबर महिन्याने, २७ ऑगस्टला, गिरणी बंद झाली. ९ जानेवारी १९५० रोजी सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला. गैरकारभार आणि हयगय यांमुळे कापडाच्या उत्पादनाला धक्का बसला व मोठी बेकारी ओढवली, असे त्याच्या प्रारंभीच नमूद केले होते. संचालकांना दूर करून सरकारने आपले संचालक नेमले. एप्रिलमध्ये त्याचाच कायदा झाला. पूज्य बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते.

पुढे खटले झाले. १९५० साली एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला व तीन विरुद्ध दोन मतांनी हरला. १९५३ साली दुसरा गेला, तो जिंकला. अशा निकालांमुळे १९५५ साली घटनेत चौथी दुरुस्ती करावी लागली. वकिलीच्या पुस्तकांत हे खटले आजही शिकवतात. पण त्यांतला वाद सारा मालमत्तेचा, भागधारकाच्या हक्काचा. कामगार तेथे आला तो प्रास्ताविकाच्या एका ओळीपुरता. आणि ज्यांच्या हयगयीचा सरकारने एवढा स्पष्ट उल्लेख केला, त्यांच्याकडून त्या कायद्याने काढून घेतल्या त्या खुर्च्या. झालेल्या हयगयीची सजा अशी त्यात काही नव्हती.

याच गावात दुसरीही एक जागा होती. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांची वसाहत येथे तारेच्या कुंपणात होती. त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. तेथली माणसे हजेरी देत आणि सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. देशभर तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे काहीही न करता गुन्हेगार ठरलेली माणसे आणि काहीही न केल्याबद्दल गुन्हेगार न ठरलेली माणसे, दोन्ही आपल्या गावाने पाहिली. मला वाटते, शिक्षेचा विचार करताना आपण ही गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, आपल्या धम्मात तर चेतनेला महत्त्व. हेतू नाही तेथे कर्म कसले? प्रश्न रास्त आहे. विनयपिटकात याचे उत्तर देणारी एक घटना आहे. एक भिक्खू भिक्षेला गेला आणि एका घरी आसनावर बसला. आसनावर फडक्याखाली मूल होते, ते मेले. भिक्खू पश्चात्तापाने पोळला. तथागतांनी विचारले, तुझ्या मनात काय होते? तो म्हणाला, मला ठाऊक नव्हते. तथागतांनी त्याला खुनी ठरवले नाही, संघातून घालवले नाही. पण तेवढ्यावर सोडलेही नाही. पाहिल्याशिवाय आसनावर बसायचे नाही, बसेल त्याला दोष लागेल, असा नियम केला.

बघा, दोष मारण्याचा नाही, न पाहण्याचा आहे. आणि आसन ज्याने स्वीकारले, पाहण्याचे काम त्याचे.

मी तीस मुले घेऊन सिद्धेश्वर तलावावर गेलो, टपरीवर चहा घेत बसलो आणि एक पोरगे पाण्यात गेले, तर मला ठाऊक नव्हते हे माझे उत्तर तुम्ही ऐकून घ्याल काय? मी खून केला असेही तुम्ही म्हणणार नाही. पण सहलीची जबाबदारी मी घेतली होती.

कायदा मात्र आसन जितके उंच तितका मऊ होतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १६६ संचालकाला काळजी, कौशल्य व तत्परता यांनी काम करायला सांगते. न केल्यास दंड एक लाखापासून पाच लाखांपर्यंत. तुरुंग नाही. भोपाळचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. १९८२ सालीच कारखान्यातील धोके कंपनीच्याच तपासणीत दिसले होते. १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला. १९९६ साली आरोप उतरून निष्काळजीपणाचा, कलम ३०४-अ चा झाला. ७ जून २०१० रोजी सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची सजा झाली, कारण त्या कलमात त्याहून जास्त नव्हतीच. आणि त्याच दिवशी जामीन. नव्या न्याय संहितेत, २०२४ पासून, ती मुदत पाच वर्षांपर्यंत आहे.

मी सूड मागत नाही. धंदा बुडाला म्हणून कोणाला आत टाका, असेही म्हणत नाही. भाव पडतात, अंदाज चुकतात, प्रामाणिक माणूसही हरतो. पण ज्याच्या टेबलावर इशारा आला आणि ज्याने तो उघडला नाही, त्याला दंडाची पावती पुरे नाही. त्याच्यासाठी पाच लाख म्हणजे काय? त्याला काही महिने तरी तुरुंगात काढावे लागले पाहिजेत, आणि पुन्हा ते आसन मिळता कामा नये. अशाने संचालक व्हायला कोण येईल, असे विचारतात. पाहण्याची तयारी नसेल त्याने येऊ नये, एवढेच.

आपल्या वडीलधाऱ्यांना गिरणी बंद पडली की नशीब म्हणायची सवय होती. नशीब म्हटले की जाब विचारायला समोर कोणी उरत नाही. आपण ते प्रारब्ध मागे टाकून आलो आहोत. मात्र आता आपलीही माणसे पतसंस्थांवर, शाळांच्या मंडळांवर, विहारांच्या समित्यांवर बसतात, आणि न वाचता सही करणारे त्यांत आहेत.

गेल्या महिन्यात मलाही एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर या म्हणून निरोप आला. काम काही नाही गुरुजी, महिन्याला एक सही, असे आणणारा म्हणाला. मी मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद पाहायला मागितले. ते अजून आलेले नाहीत.